ब्रेकचं पेडल मऊ लागतंय? पार्ट बदलण्याआधी एवढं तपासा

‘ब्रेक मऊ लागतोय’ ही गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येणारी तक्रार, आणि तिच्यावरचा ठरलेला उपाय म्हणजे ब्रेक ऑइल बदलून हवा काढणं. पुष्कळदा तेवढ्यानं काम होतंही. ज्या वेळी होत नाही, त्या वेळी मात्र अंदाजाचा खेळ सुरू होतो. आधी मास्टर सिलिंडर बदलला जातो, मग होज पाइप, मग कॅलिपर. बिल वाढत जातं, पेडल मात्र होतं तसंच राहतं. स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत हे जास्त महाग पडतं, आणि जास्त धोक्याचंही असतं. ही गाडी वेगानं चालवली जाते, तिचे ब्रेक जास्त तापतात आणि तिचे पार्ट सहजी मिळत नाहीत.

खरं तर मऊ पेडल हे लक्षण आहे, आणि त्या एका लक्षणामागे निरनिराळे बिघाड असतात. पेडल कधी मऊ होतं आणि कसं मऊ होतं, एवढं नीट पाहिलं तर पाना हातात घेण्याआधीच अर्धं निदान झालेलं असतं. ते कसं करायचं, हे पाहू.

मात्र एक गोष्ट सर्वांत आधी. पेडल फ्लोअरला टेकत असेल, ब्रेकचा लाल दिवा लागला असेल, किंवा चाकाच्या आतल्या बाजूला ऑइलचा ओघळ दिसत असेल, तर गाडी चालवून गॅरेजला नेऊ नका. टो-ट्रक बोलवा. ‘हळूहळू नेतो’ हा पर्याय इथे नाही.

पेडलपासून पॅडपर्यंत

पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ऑइल पुढे ढकलतो. ते ऑइल कॅलिपरमधल्या पिस्टनला रेटतं आणि पॅड डिस्कवर आवळले जातात. द्रव पदार्थ जवळजवळ दाबला जात नाही, म्हणून पाय जितका दाब देतो तो थेट पॅडपर्यंत पोचतो. हवा आणि वाफ मात्र सहज दाबल्या जातात. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये पाणी भरून तोंड बोटानं बंद करा आणि दट्ट्या दाबून पाहा. मग त्यात थोडी हवा राहू देऊन पुन्हा दाबा. दुसऱ्या वेळी दट्ट्या जसा आत जाऊन परत येतो, तसंच हवा शिरलेलं पेडल वागतं.

पेडल पूर्ण दाबल्यावर मास्टर सिलिंडर जे ऑइल ढकलतो ते फार थोडं असतं. त्यामुळे कॅलिपरचे पिस्टन अर्धा मिलिमीटर जरी जास्त मागे गेले, तरी पायाला फरक कळतो. चार किंवा सहा पिस्टनच्या मोठ्या कॅलिपरमध्ये तो आणखी ठळक जाणवतो.

म्हणूनच मोठे ब्रेक बसवून घेणाऱ्यांनी एक हिशेब लक्षात ठेवावा. कॅलिपरच्या पिस्टनांचं एकूण क्षेत्रफळ वाढलं आणि मास्टर सिलिंडर मूळचाच राहिला, तर पेडल खोल जाणारच. तो बिघाड नव्हे, गणित आहे. मास्टर सिलिंडरचा बोअर २२.२ मिलिमीटरऐवजी २३.८ मिलिमीटर केला, तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे १५ टक्के वाढतं. पेडल त्या प्रमाणात वर येतं, पण तेवढ्याच ब्रेकसाठी पायाला जोरही त्याच प्रमाणात जास्त लावावा लागतो.

मऊपणा चार प्रकारचा

पहिला प्रकार: पेडल स्प्रिंगसारखं लवचीक लागतं. दोन-तीनदा पंप केलं की थोडं वर येतं, पण पूर्ण ताठ होत नाही. हे ऑइलमध्ये हवा असल्याचं लक्षण.

दुसरा प्रकार: पहिल्या दाबाला पेडल खोल जातं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की जागेवर येतं आणि दगडासारखं ताठ लागतं. गाडी थोडी चालवली, दोन-चार वळणं घेतली, की पुन्हा पहिला दाब खोल. इथे हवा नसते. पॅड आणि डिस्क यांच्यात जास्तीची फट पडत असते.

तिसरा प्रकार: सिग्नलला पाय ठेवून उभे असताना पेडल हळूहळू खाली सरकत राहतं. म्हणजे दाब कुठून तरी निसटतो आहे. ऑइल बाहेर गळत असेल, नाहीतर मास्टर सिलिंडरच्या आतलं सील दाब मागे सोडत असेल.

चौथा प्रकार: सकाळी पेडल उत्तम असतं. घाट उतरताना किंवा ट्रॅकवर काही फेऱ्यांनंतर एकाएकी खोल जातं, आणि गाडी थंड झाली की पुन्हा ठीक होतं. हे ऑइल उकळल्याचं लक्षण.

यांच्या शेजारी एक पाचवी तक्रार असते, ती वेगळी ओळखायला हवी. पेडल ताठ आहे, जागेवर आहे, पण गाडी थांबत नाही. हा मऊपणा नव्हे. पॅड त्यांच्या मर्यादेपलीकडे तापले आहेत, किंवा पायाचा जोर वाढवणारा बूस्टर मदत करत नाही. अशा वेळी हवा काढत बसून काहीही हाती लागत नाही.

उभ्या गाडीत करायच्या चाचण्या

गाडी सपाट जागी लावा, चाकांना अडण लावा.

इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेल. मग पेडल दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडंसं खाली गेलं पाहिजे. तसं झालं तर बूस्टर काम करतो आहे. काहीच झालं नाही, तर व्हॅक्यूमची नळी, तिच्यातला एकदिशा व्हॉल्व्ह आणि बूस्टर तपासावा लागेल. इंजिन सुरू झाल्यावर पेडल थोडं खाली जाणं हा दोष नव्हे. बऱ्याच जणांची शंका इथेच मिटते.

आता इंजिन चालू असताना पेडल मध्यम जोरानं दाबून अर्धा मिनिट धरा. ते स्थिर राहायला हवं. मग हीच चाचणी अगदी हलक्या पायानं करा. मास्टर सिलिंडरचं झिजलेलं सील जोरात दाबल्यावर पसरून घट्ट बसतं आणि दोष लपतो. हलक्या दाबाला तेच सील ऑइल सोडतं आणि पेडल सरकू लागतं. त्यामुळे फक्त जोर लावून तपासणं पुरेसं नाही.

पुढे एखाद्याला पेडल दाबायला सांगा आणि बॉनेट उघडून मास्टर सिलिंडरकडे पाहा. तो त्याच्या मागच्या पत्र्यासकट पुढे सरकताना दिसतोय का? जुन्या गाडीत हा पत्रा किंवा पेडलचा ब्रॅकेट लवतो. डाव्या स्टिअरिंगसाठी बनवलेल्या काही गाड्या उजव्या स्टिअरिंगला आणताना बूस्टर डावीकडेच ठेवलेला असतो आणि पेडल एका आडव्या दांड्यानं त्याला जोडलेलं असतं. त्या दांड्याचे बुश झिजले की पेडल मऊ लागतं, आणि कितीही हवा काढली तरी फरक पडत नाही.

ब्रेक ऑइल: आधी वय विचारा

आपल्याकडे ज्याला ब्रेक ऑइल म्हणतात, ते ग्लायकॉलवर आधारलेलं द्रव्य असतं आणि ते हवेतलं पाणी शोषून घेतं. रबरी होजच्या भिंतीतून आणि ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणातल्या हवेच्या वाटेनं ओलावा आत जात राहतो. कोकणातल्या, मुंबई-गोव्याच्या दमट हवेत गाडी नुसती उभी असली तरी हे थांबत नाही. वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या स्पोर्ट्‌स कारचा मालक म्हणतो, ‘गाडी कुठे चाललीय एवढी?’ पण ऑइल किलोमीटरनं नाही, काळानं जुनं होतं. पोर्शसारखे उत्पादक दर दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात, ते याचसाठी.

पाण्यामुळे ऑइलचा उत्कलनबिंदू खाली येतो. कोऱ्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, डॉट ४ चा २३०, तर डॉट ५.१ चा २६०. ओलावा शोषल्यानंतरची किमान मर्यादा अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० अंश आहे. ही ‘ओली’ मर्यादा मोजताना पाण्याचं प्रमाण सुमारे ३.७ टक्के धरलेलं असतं. म्हणजे तेवढं पाणी शिरल्यावर डॉट ४ ऑइल आपली सत्तर-पंचाहत्तर अंशांची ताकद गमावू शकतं. आंबा घाट किंवा खंबाटकी सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात, तर कॅलिपर किती तापतो याचा विचार करा.

ऑइल उकळून झालेली वाफ थंड झाल्यावर पुन्हा द्रव होते आणि पेडल परत येतं. ‘आपोआप ठीक झालं’ असं समजून लोक पुढे निघतात. त्या ऑइलवर यापुढे विश्वास ठेवू नका. पहिल्यांदा पेडल खोल गेलं, तोच इशारा समजा आणि सगळं ऑइल बदला.

डॉट ५ हे नाव पाहून फसू नका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, डॉट ५.१ ग्लायकॉलचं. ही दोन एकमेकांत मिसळत नाहीत, आणि एबीएस असलेल्या गाड्यांसाठी डॉट ५ योग्य नाही. कोणीतरी चुकून डॉट ५ टाकलं असेल, तर नुसतं बदलून भागत नाही. सगळी यंत्रणा स्वच्छ करावी लागते.

टाकीचं झाकण उघडल्यावर त्याच्या आतलं रबर पाहा. ते फुगलेलं, लिबलिबीत झालं असेल, तर टाकीत कधी तरी इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल पडलं आहे. अशा वेळी झाकणाचंच नव्हे, तर आतलं प्रत्येक सील तसंच बिघडत असतं. तो मोठा खर्च आहे, पण तो टाळण्यासारखा नाही.

ऑइलची पातळी खाली दिसली की वरून भरून मोकळं होऊ नका. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात आणि पातळी आपोआप उतरते. तेव्हा आधी पॅडची जाडी पाहा. पॅड जाड असतील तर गळती शोधा.

हवा काढूनही राहते, ती कुठे?

हवा वर जाते, म्हणून कॅलिपरचं हवा काढायचं निपल वरच्या टोकाला असलं पाहिजे. कॅलिपर काढून पुन्हा बसवताना डावा उजवीकडे गेला, तर निपल खाली येतं आणि वरची हवा कधीच निघत नाही. कॅलिपर रंगवून घेतल्यानंतर किंवा सील बदलल्यानंतर पेडल मऊ झालं असेल, तर पहिली नजर इथे टाका.

दोन्ही बाजूंना पिस्टन असलेल्या कॅलिपरला पुष्कळदा दोन निपलं असतात, एक आत आणि एक बाहेर. दोन्हींतून हवा काढावी लागते. घाईत आतलं निपल राहून जातं.

व्हॅक्यूमनं ओढून हवा काढताना निपलच्या आट्यांतून बाहेरची हवा नळीत येते आणि बुडबुडे संपतच नाहीत. ते बुडबुडे पाहून लोक उगाच काळजीत पडतात. टाकीच्या बाजूनं हलका दाब देऊन हवा काढणं, किंवा पेडल दाबणारा एक आणि निपल सोडणारा एक अशी जुनी पद्धत, या दोन्ही जास्त भरवशाच्या. कोणत्या चाकापासून सुरुवात करायची, ते गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे ठरवा. ‘सगळ्यांत लांबचं चाक आधी’ हा नियम प्रत्येक गाडीला लागू पडत नाही.

जुन्या गाडीत हवा काढताना पेडल फ्लोअरपर्यंत दाबू नका. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात पिस्टन एरवी जात नाही, तिथे गंज किंवा मळ बसलेला असतो. सील तिथे घासलं की फाटतं, आणि काल ठीक असलेला मास्टर सिलिंडर आज दाब सोडू लागतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की हा धोका टळतो.

काम करताना टाकी पूर्ण रिकामी झाली असेल, तर हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरू शकते. ती नुसत्या पेडलनं निघत नाही. स्कॅनर लावून आतला पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात. ज्या गॅरेजकडे तुमच्या गाडीला चालणारा स्कॅनर नाही, तिथे हे काम देऊ नका.

पहिला दाब खोल, दुसरा ताठ

हे दुखणं स्पोर्ट्‌स कारचं खास, आणि चुकीच्या निदानाचंही. वळणावर चाकावर आडवा जोर येतो. बेअरिंग ढिलं असेल किंवा डिस्क सरळ फिरत नसेल, तर डिस्क पॅडना मागे ढकलते. पिस्टन आत जातात, फट वाढते आणि पुढच्या वेळी पेडलचा पहिला प्रवास ती फट भरण्यातच जातो.

चाक जॅक-स्टँडवर उचला. वर आणि खाली धरून हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग किंवा सस्पेन्शनचे जोड पाहा. मग डिस्कवर डायल गेज लावा. एक फेरा पूर्ण होताना काटा किती हलतो, ते मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडा. ही मर्यादा मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. डिस्क खरोखर वाकडी असण्याआधी हबवरचा गंज आणि मळ हे कारण शक्य असतं, म्हणून हब घासून स्वच्छ करा, डिस्क पुन्हा बसवा आणि पुन्हा मोजा.

माझदा एमएक्स-५ चं उदाहरण इथे घेण्याजोगं आहे. १९८९ साली आलेली ही दोन आसनी गाडी जगभर ट्रॅकवर चालवली जाते. तिच्या पहिल्या दोन पिढ्यांत मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेकची यंत्रणा आहे, आणि पिस्टनची फट हातानं लावायची सोय आहे. कॅलिपरमागचा एक बोल्ट काढला की आत ४ मिलिमीटरच्या ॲलन कीनं फिरणारा स्क्रू दिसतो. पॅड डिस्कला टेकेपर्यंत तो आवळायचा आणि मग सुमारे एक तृतीयांश फेरा सैल करायचा. मागचे पॅड बदलताना हे राहिलं, तर पेडल खोल जातं आणि हँडब्रेकही वर येतो. अशा वेळी काही जण हँडब्रेकची केबल ओढून काम भागवतात. त्यानं आतला लिव्हर अर्धवट ओढलेला राहतो, आणि मूळ फट तशीच राहते. आधी कॅलिपर लावा, केबल शेवटी.

सरकत्या कॅलिपरच्या गाडीत पिना जाम झाल्या, की कॅलिपर तिरका ओढला जातो आणि पॅड पाचरीसारखे झिजतात. असे पॅड दाबले की आधी वाकतात, मग धरतात, आणि पेडल लांब लागतं. पॅड काढून दोन्ही टोकांची जाडी मोजली की हे लगेच उघड होतं. नवे पॅड चरे पडलेल्या जुन्या डिस्कवर बसवले, तरी एकमेकांत बसेपर्यंत पेडल मऊ राहतं.

दोष कोणत्या चाकाशी आहे?

इथवर कारण सापडलं नसेल, तर होज दाबून बंद करण्याची चाचणी करावी. गोल, गुळगुळीत जबड्यांचे खास क्लॅम्प मिळतात. ते रबरी होजवर लावून सगळ्या चाकांचा रस्ता बंद करा आणि पेडल दाबा. ते उंच आणि ताठ लागलं, तर मास्टर सिलिंडर, लोखंडी नळ्या आणि एबीएस युनिट ठीक आहेत. आता एकेक क्लॅम्प सोडत जा. ज्या चाकाचा सोडल्यावर पेडल खाली जाईल, दोष तिथेच. सगळे क्लॅम्प लावूनही पेडल मऊ असेल, तर चाकांकडे जाण्याची गरज नाही; हवा किंवा बिघाड मास्टर सिलिंडर-एबीएसच्या भागात आहे.

ही चाचणी फक्त चांगल्या स्थितीतल्या रबरी होजवर करा. स्टीलच्या जाळीचे होज कधीही दाबू नका. त्यांच्या आतलं टेफ्लॉनचं अस्तर चिरडतं. रबरी होज तडकलेला असेल, किंवा दाबाखाली फुगताना दिसत असेल, तर चाचणी न करता बदलून टाका.

अलीकडच्या काही गाड्यांत, उदाहरणार्थ आठव्या पिढीच्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये, पेडल आणि पॅड यांच्यामध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आलं आहे. तिथे पायाला जाणवणारा प्रतिकार काही अंशी कृत्रिम असतो. व्हॅक्यूम बूस्टरच्या चाचण्या अशा गाडीला लागू होत नाहीत. निदान कंपनीच्या स्कॅनरनंच करावं लागतं.

दुरुस्तीनंतर, आणि रोजच्या वापरात

काम झालं की इंजिन चालू करून पेडल ताठ होईपर्यंत दाबा, आणि मगच गाडी जागेवरून हलवा. नवे पॅड बसवल्यावर पहिला दाब रिकामा जातो, आणि गॅरेजच्या दारातच अपघात होतात. मग मोकळ्या जागी पायी चालण्याच्या वेगानं थांबून पाहा, त्यानंतर तीस-चाळीसच्या वेगानं. परत येऊन प्रत्येक निपल आणि जोड कोरड्या कापडानं पुसून तपासा. ऑइल रंगावर सांडलं असेल तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा. ते रंग खातं.

घाट ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडी मॅन्युअल मोडमध्ये घ्या. ब्रेक ठामपणे लावा आणि सोडा. पाय सतत टेकवून ठेवू नका. जोरात चालवून झाल्यावर शेवटचे काही किलोमीटर ब्रेक न वापरता, हळू चालवा. तापलेली गाडी लगेच उभी केली, तर डिस्कची उष्णता कॅलिपरमध्ये जाते आणि उभ्या गाडीतलं ऑइल उकळू शकतं.

गॅरेजमध्ये जाताना नुसतं ‘ब्रेक मऊ आहे’ असं सांगू नका. तक्रार लिहून न्या: पेडल थंड असताना मऊ आहे की गरम झाल्यावर, पंप केल्यावर पूर्ण ताठ होतं की लवचीकच राहतं, धरून ठेवल्यावर सरकतं का, हे कोणत्या कामानंतर सुरू झालं, आणि ऑइल शेवटचं कधी बदललं. या पाच उत्तरांवर चांगला मेकॅनिक थेट योग्य चाकापाशी जातो. ती ऐकून न घेता जो नवा मास्टर सिलिंडर मागवू पाहतो, त्याला थांबवा. पार्ट बदलण्याआधी दोष दाखवून मागणं हा तुमचा हक्क आहे, आणि ब्रेकच्या बाबतीत तुमची जबाबदारीही.